उजळाईवाडीहून चार्टर: पहिल्यांदाच विमान ठरवणाऱ्यासाठी

"सहा माणसं. सकाळी नागपूर, रात्री परत. विमान बघा." साहेबांनी एवढंच सांगितलं आणि पुढच्या फोनला लागले.

गोकुळ शिरगावच्या एका फाउंड्रीत मी अ‍ॅडमिन बघतो. तोवर मी ठरवलेलं सगळ्यात मोठं वाहन म्हणजे स्टाफला जोतिबाला न्यायची सतरा सीटर ट्रॅव्हलर. उजळाईवाडीचा, म्हणजे कोल्हापूरचा, विमानतळ आमच्या गेटपासून दहा मिनिटांवर, विमानं रोज डोक्यावरून जातात. पण ते अख्खं भाड्याने कसं घ्यायचं, कुणाला फोन करायचा, काय विचारायचं, हे सांगणारं ओळखीत कुणी नव्हतं. चार दिवस फोन केले, तीन वेगवेगळ्या रकमा आल्या आणि त्या वेगवेगळ्या का आहेत हेच कळेना. ती पहिली ट्रिप झाली, पण जे हिशेबात धरायला हवं होतं ते बरंच धरलं नव्हतं. त्यानंतर बऱ्याच वेळा हे काम माझ्याकडेच आलं. तुमच्या साहेबांनी, आमदारांनी किंवा घरातल्या काकांनी तुम्हाला असंच "विमान बघा" म्हटलं असेल तर हे वाचून मग फोन उचला.

१. आधी विमान खरंच लागतंय का ते बघा

पुण्याला जायचं असेल तर विषय इथेच संपवा. रस्ता सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटरचा. त्यात लोहगाव हा मुळात हवाई दलाचा तळ, तिथे उतरायची वेळ आपल्या सोयीने मिळत नाही. विमान येणार, आपण उजळाईवाडीला जाणार, तपासणी, उड्डाण, मग लोहगावहून पुन्हा गाडी. तेवढ्यात माणूस हायवेने कात्रजला पोचतो.

मुंबई हे काठावरचं प्रकरण. एक-दोन माणसं असतील आणि काम दुसऱ्या दिवशी सकाळचं असेल तर महालक्ष्मी एक्स्प्रेससारखं सुख नाही, रात्री झोपा आणि सकाळी सीएसएमटीला उतरा. शिवाय मुंबई विमानतळावर गर्दीच्या तासांत छोट्या खाजगी विमानांना स्लॉट, म्हणजे उतरायची-निघायची ठरलेली वेळ, मिळायला अडचण येते. तुम्हाला नऊला पोचायचं असतं आणि स्लॉट मिळतो भलत्याच वेळेचा.

चार्टर, म्हणजे अख्खं विमान भाड्याने, खरं उपयोगाला येतं ते आडव्या प्रवासाला. कोल्हापूर ते नागपूर, जळगाव, नांदेड, छत्रपती संभाजीनगर. नागपूरला महाराष्ट्र एक्स्प्रेसने जायचं तर पूर्ण एक दिवस मोडतो, गाडीने गेलं तर माणसं पोचेपर्यंत कामाची राहत नाहीत. हवेतून अंतर साधारण सातशे किलोमीटर, म्हणजे चांगल्या टर्बोप्रॉपला (पंखावाल्या विमानाला) दीड तास आणि वर थोडं. सहा माणसं, एक दिवस, रात्रीचं जेवण घरी. असं असेल तरच पुढे वाचा. आणि हो, कोल्हापूरहून त्या गावाला त्या दिवशी नेहमीची फ्लाइट आहे का, हे आधी बघा. हसू नका, एकदा मी बघितलं नव्हतं.

२. विमानाची जात ओळखा

फोनवरचा माणूस पहिलाच प्रश्न विचारतो, "जेट की टर्बोप्रॉप?" आपल्याला वाटतं जेट म्हणजे भारी आणि पंखावालं म्हणजे जुनाट. तसं नाही. टर्बोप्रॉपमध्येही आत टर्बाइन इंजिनच असतं, फक्त त्याची ताकद पुढचा पंखा फिरवायला वापरतात. तीनशे ते सातशे किलोमीटरच्या टप्प्यात हे विमान इंधन कमी खातं, छोट्या धावपट्टीवर उतरतं आणि जेटपेक्षा फार मागे राहत नाही. नागपूरपर्यंत लहान जेटने वीस-पंचवीस मिनिटं वाचतात. मुंबईपर्यंत जेमतेम दहा. त्या दहा मिनिटांसाठी जवळपास दुप्पट दर द्यायचा का, हे साहेबांना विचारा. आमच्या साहेबांनी कॅल्क्युलेटर न काढताच नको म्हटलं.

तुमच्या समोर येतील ती नावं साधारण ही:

- बीचक्राफ्ट किंग एअर सी-९०: दोन इंजिनं, पाच-सहा माणसं. लहान कुटुंबाला किंवा छोट्या टीमला पुरतं.
- किंग एअर बी-२००: दोन इंजिनं, सात-आठ माणसं, वेग ताशी पाचशे किलोमीटरच्या आसपास. आम्ही बहुतेक वेळा हेच घेतो.
- पिलाटस पीसी-१२: स्विस बनावटीचं, एकच इंजिन, पण वेगाने बी-२०० च्या जवळपास. मागे मोठं दार असल्याने सामान आणि स्ट्रेचर चढवायला सोपं.
- सेसना कॅरॅव्हॅन: एक इंजिन, चाकं कायम बाहेर. कणखर आहे पण हळू, आणि केबिनमध्ये हवेचा दाब राखायची सोय नाही. ढगांच्या वर जाऊन आरामात बसायचं असेल तर हे नव्हे.

या जातीतलं सगळ्यात पळणारं म्हणजे पियाजिओ अवंती. त्याचे पंखे मागच्या बाजूला, विमानाला ढकलणारे, आणि वेग ताशी सातशेच्या पुढे जातो, म्हणजे लहान जेटच्या शेजारी. आपल्या तीनचाकी आपेवाल्या पियाजिओचंच हे जुनं भावंड, १९६० च्या दशकात दोन्ही कंपन्या वेगळ्या झाल्या. कुणी कोटेशनमध्ये ते दिलं तर नाव वाचून रिक्षा समजू नका.

आतल्या जागेबद्दल माणसांना आधीच सांगून ठेवा. बी-२०० च्या केबिनची उंची जेमतेम पावणेपाच फूट आहे. वाकूनच चालायचं. एकदा आमचे पाहुणे सत्काराचा फेटा डोक्यावर ठेवूनच चढले आणि दारातच तुरा मोडला. टॉयलेट मागच्या बाजूला अगदी आटोपशीर असतं, काही विमानांत नुसता पडदा. सोबत वयस्कर मंडळी असतील तर निघण्याआधी टर्मिनलमध्येच जाऊन या म्हणावं, यात लाजण्यासारखं काही नाही.

३. दर विचारायच्या आधी परवाना विचारा

ही पायरी लोक गाळतात आणि हीच सगळ्यात महत्त्वाची.

पैसे घेऊन प्रवासी न्यायचे असतील तर ऑपरेटरकडे, म्हणजे विमान चालवणाऱ्या कंपनीकडे, डीजीसीएचा (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा) नॉन-शेड्यूल्ड ऑपरेटर परवाना लागतो, धंद्यातली माणसं त्याला एनएसओपी म्हणतात. एखाद्या कारखान्याचं किंवा उद्योगपतीचं स्वतःच्या वापरासाठी नोंदवलेलं विमान भाड्याने देता येत नाही. पांढऱ्या पाटीची गाडी वडापला लावल्यासारखंच ते. फरक एवढाच की इथे काही झालं तर विमा कंपनी हात वर करणार, आणि ते "काही झालं" म्हणजे बंपर चेपणं नव्हे.

मला एकदा एका एजंटने फारच कमी दर सांगितला. "ओळखीतलं विमान आहे, इंधनाचं तेवढं द्या." कागद मागितले तर दोन दिवस फोन उचलला नाही. तिसऱ्या दिवशी त्याचाच मेसेज, "विमान दुसरीकडे गेलं." गेलं ते बरं झालं.

म्हणून तीन गोष्टी लेखी मागा. ऑपरेटरचं नाव (एजंटचं नव्हे), परवान्याची प्रत, आणि विमानाचा व्हीटी-पासून सुरू होणारा नोंदणी क्रमांक. परवानाधारकांची यादी डीजीसीएच्या संकेतस्थळावर असते, त्यात नाव आणि विमानाचा प्रकार जुळवून बघा. सोबत विम्याचं प्रमाणपत्र मागा आणि त्यात प्रवाशांची जबाबदारी धरलेली आहे का ते वाचा. वैमानिक दोन असणार का, हेही विचारून घ्या. चांगला ऑपरेटर या प्रश्नांनी चिडत नाही. चिडला तर फोन ठेवा.

४. कोटेशन: विमानाचा अख्खा दिवस मोजा

इथे मी पहिल्यांदा फसलो. फसवलं कुणी नाही, मलाच वाचता आलं नाही.

तुम्हाला दिसतं कोल्हापूर-नागपूर-कोल्हापूर. पण विमान काही उजळाईवाडीला बांधून ठेवलेलं नसतं. ते येतं मुंबईहून किंवा त्याचं घर जिथे असेल तिथून, आणि काम झालं की रिकामंच परत जातं. ते रिकामं येणं-जाणंही तुमच्याच खात्यावर. आपल्याकडे ट्रक ठरवताना "जाऊन-येऊन भाडं" म्हणतात ना, नेमकं तेच. नाइट हॉल्ट, ड्रायव्हर भत्ता, पार्किंग, सगळं तसंच, फक्त शून्य वाढलेले.

एक उदाहरण करून दाखवतो. समजा बी-२०० चा दर ताशी १ लाख २० हजार आहे. हा आकडा नुसता हिशेबासाठी, तुम्हाला मिळणारा दर वेगळा असेल.

- मुंबई ते कोल्हापूर, रिकामं: ५० मिनिटं
- कोल्हापूर ते नागपूर: १ तास ३५ मिनिटं
- नागपूर ते कोल्हापूर: १ तास ३५ मिनिटं
- कोल्हापूर ते मुंबई, रिकामं: ५० मिनिटं

तुम्ही बसलात ३ तास १० मिनिटं, म्हणजे तुमच्या डोक्यात ३ लाख ८० हजार. विमान मात्र उडालं ४ तास ५० मिनिटं, म्हणजे ५ लाख ८० हजार. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की ६ लाख ८४ हजार ४००. मी पहिल्या वेळी साहेबांना तीन ऐंशी सांगून आलो होतो. पुढचं संभाषण इथे लिहीत नाही.

म्हणून कोटेशन आलं की विमान कुठून निघणार आहे, हा पहिला प्रश्न. ताशी दर थोडा जास्त पण विमान जवळच्या गावातलं, हे पुष्कळदा स्वस्त पडतं. माझ्या त्या तीन वेगवेगळ्या रकमांचं कोडं यातच होतं. दर तिघांचेही उन्नीस-बीस होते, विमानांची घरं मात्र तीन वेगवेगळ्या शहरांत होती.

बाकीच्या ओळी एकेक करून विचारा:

- तास कसे मोजणार? चाकं हलल्यापासून चाकं थांबेपर्यंत, की फक्त हवेतले? बहुतेक ठिकाणी पहिलं. मुंबईला धावपट्टीकडे जाणाऱ्या विमानांची रांग असते, ती पंधरा मिनिटंही तुमचीच.
- दिवसाला किमान किती तास लावणार? दोन तासांचं किमान बिल ही नेहमीची अट. चाळीस मिनिटांच्या उड्डाणालाही दोन तासांचे पैसे.
- लँडिंग, पार्किंग, ग्राउंड हँडलिंग (विमानतळावर विमानाची आणि प्रवाशांची व्यवस्था) आत धरलंय की वेगळं?
- मुक्काम झाला तर क्रूचं हॉटेल आणि गाडी कुणाकडे?
- विमानतळ ठरलेल्या वेळेनंतर उघडा ठेवावा लागला तर त्याचं शुल्क कोण भरणार?
- जीएसटी धरून की वगळून? आणि त्याचं इनपुट क्रेडिट मिळेलच असं गृहीत धरू नका, सीएला आधी विचारा. टीडीएस कुठल्या कलमाखाली कापायचा तेही त्यांनाच.

"एम्प्टी लेग" हा शब्द कानावर पडेल. रिकामं परत जाणारं विमान कमी पैशात मिळतं, हे खरं आहे. पण ते मूळ गिऱ्हाइकाच्या वेळेला बांधलेलं असतं, त्याचं काम पुढे गेलं की तुमचंही गेलं. लग्नाला, कोर्टाच्या तारखेला, टेंडरच्या मीटिंगला असं विमान धरू नका.

५. वजन: इथे भिडस्तपणा नको

आठ सीटचं विमान म्हणजे आठ माणसं आणि आठांच्या बॅगा आणि भरलेली टाकी, असं समजू नका. बी-२०० चं उड्डाणाच्या वेळचं कमाल वजन ५,६७० किलो. त्यात विमान, वैमानिक, इंधन, माणसं, सामान सगळं. टाकी भरली की माणसं कमी, माणसं भरली की मध्ये कुठेतरी इंधन घ्यावं लागणार. शिवाय उजळाईवाडी समुद्रसपाटीपासून साधारण सहाशे मीटर उंचीवर. एप्रिल-मेच्या दुपारी हवा तापून विरळ होते, तेव्हा तेच विमान कमी वजन उचलतं. कॅप्टन दुपारी दोनऐवजी सकाळी सातला निघू म्हणाला तर तो त्याच्या सोयीसाठी म्हणत नसतो.

ऑपरेटर प्रत्येकाचं वजन विचारतो. खरं सांगा. आमच्याकडे एकाने पंच्याऐंशीचे सत्तर लिहून पाठवले होते, मी न बघता पुढे ढकलले. प्रत्यक्षात माणूस समोर उभा राहिल्यावर कॅप्टनने एकदा यादीकडे बघितलं, एकदा त्यांच्याकडे, आणि काही न बोलता सामानाचा काटा मागवला.

आणि त्याच दिवशी गूळ होता. नागपूरच्या गिऱ्हाइकांना भेट म्हणून साहेबांच्या चुलत भावाने गुळाच्या दहा-दहा किलोच्या सहा ढेपा आणून टर्मिनलच्या दारात ठेवल्या. "भावा, डिकीत टाक की!" विमानाला डिकी असते, पण तिला मर्यादाही असते. साठ किलो म्हणजे जवळजवळ एक माणूस. कॅप्टनने शांतपणे विचारलं, "गूळ नेऊ की पाहुणे?" ढेपा ज्या टेम्पोतून आल्या त्यातूनच परत गेल्या आणि मागाहून ट्रॅव्हल्सने पोचल्या.

बॅगा मऊ कापडाच्या घ्या. मोठ्या कडक सूटकेस आत बसत नाहीत, वजन कमी असलं तरी.

६. कागदपत्रं आणि माहिती

निदान दोन दिवस आधी एका कागदावर तयार ठेवा:

- प्रत्येक प्रवाशाचं नाव, ओळखपत्रावर आहे तसंच. "बाळासाहेब", "आप्पा", "बंटी" चालत नाही.
- मूळ ओळखपत्र: आधार, मतदार कार्ड, लायसन्स किंवा पासपोर्ट. लहान मुलांसाठी जन्मदाखला.
- वय, खरं वजन, मोबाइल नंबर.
- बॅगांची संख्या आणि अंदाजे वजन.
- कंपनीचा जीएसटी क्रमांक, पॅन, बिलाचा पत्ता, ऑर्डरचं पत्र.
- परदेशी पाहुणे असतील तर पासपोर्ट आणि व्हिसाची प्रत, आणि हे ऑपरेटरला पहिल्याच फोनवर सांगा. हवाई दलाच्या तळावर उतरणार असाल तर त्यांच्या परवानगीला वेळ लागतो.
- गाडीचे आणि ड्रायव्हरचे तपशील, दोन्ही गावांकडचे.

नावाचा सापळा आपल्याकडे फार. आमच्या एका संचालकांना अख्खा जिल्हा ज्या नावाने ओळखतो ते त्यांच्या आधारवर कुठेच नाही. यादीत मी लोकांच्या तोंडचं तेच नाव लिहिलं. दारावरच्या जवानाने ओळखपत्र बघून थांबवलं, आणि मग "अहो, यांना कोण ओळखत नाही" हा संवाद झाला. त्याचा उपयोग शून्य. ऑपरेटरने यादी दुरुस्त करून पाठवेपर्यंत पंचवीस मिनिटं गेली.

चार्टर म्हणजे तपासणी नाही, हाही एक गैरसमज. प्रवासी आणि सामान दोन्हींची तपासणी होते. चाकू, कात्री, लायटर, फटाके घरीच ठेवा. परवान्याचं पिस्तूल असलेले कुणी असतील तर आयत्या वेळी नव्हे, ठरवतानाच सांगा. पॉवर बँक हातातल्या बॅगेत. आणि अंबाबाईची ओटी भरून थेट विमानतळावर येणाऱ्यांसाठी: सुकं खोबरं विमानात चालत नाही. त्यात तेल असतं, ते पेट घेऊ शकतं, म्हणून ते धोकादायक मालाच्या यादीत आहे. प्रसादाचे पेढे खुशाल न्या.

७. वेळ: परतीची आधी ठरवा

सगळेजण निघायची वेळ ठरवतात. खरी अडचण येते परतीला. तीन घड्याळं एकदम चालू असतात.

पहिलं घड्याळ सूर्याचं. राज्यात जिल्ह्याजिल्ह्यांत धावपट्ट्या आहेत, पण सगळ्यांवर दिवे नाहीत, सगळीकडे टॉवर नाही. अशा ठिकाणाहून उजेड असतानाच निघावं लागतं. जानेवारीत सहा-सव्वासहाला सूर्य बुडतो, आणि आपल्या मीटिंगा पाचला चहाला थांबतात.

दुसरं घड्याळ विमानतळाचं. कोल्हापूरला नाइट लँडिंगची सोय झाली आहे, त्यामुळे पूर्वीसारखी संध्याकाळची धास्ती राहिलेली नाही. पण दिवे असणं वेगळं आणि विमानतळ उघडा असणं वेगळं. कामकाजाच्या ठरलेल्या वेळेला वॉच अवर म्हणतात. त्यानंतर उतरायचं तर ऑपरेटरने आधी अर्ज करून मुदतवाढ घ्यावी लागते आणि तिचे पैसे भरावे लागतात. आयत्या वेळी फोन करून "आलोच दहा मिनिटांत" हे चालत नाही.

तिसरं घड्याळ वैमानिकांचं. त्यांच्या ड्युटीच्या तासांना डीजीसीएची मर्यादा आहे, आणि तुम्ही मीटिंगमध्ये असताना ते विमानतळावर बसलेत तो वेळही ड्युटीतच मोजला जातो. मुंबईहून पहाटे निघून ते तुमच्यासाठी आलेले असतात, त्यांचा दिवस तुमच्या कितीतरी आधी सुरू झालेला असतो.

एका दिवे नसलेल्या धावपट्टीवर आमची फजिती झाली. कॅप्टनने सकाळीच सांगितलं होतं, "साडेपाचला चाकं हलली पाहिजेत." मी ते साहेबांना सांगितलं, पण "साडेपाचपर्यंत निघायचं आहे" असं मोघम. पाच वाजता यजमानांनी जेवणाचा आग्रह धरला. पाच चाळीसला आम्ही गेटवर पोचलो तेव्हा दोन्ही वैमानिक विमानाला कव्हर घालत होते. वाद घातला, मोठ्या माणसांचे फोन लावून झाले. कॅप्टन म्हणाला, "सर, सूर्याला फोन लावता आला तर बघा." मुक्काम पडला. हॉटेल, क्रूचं हॉटेल, दुसऱ्या दिवसाचं किमान बिल, आणि शिवाय एकाला सकाळी मुलीच्या शाळेत जायचं होतं ते राहिलंच.

तेव्हापासून मी कॅप्टनच्या वेळेतून एक तास वजा करतो आणि तीच वेळ सगळ्यांना छापून देतो. खरी वेळ फक्त ड्रायव्हरला माहीत असते.

८. पावसाळा आणि धुकं

जून ते सप्टेंबर सह्याद्रीच्या कडेला ढग खाली उतरलेले असतात. उजळाईवाडीत नुसती भुरभुर असेल आणि तुम्हाला वाटेल की काय झालंय न जायला. पण वैमानिकाला लागते ती दृश्यता आणि ढगांची उंची, आणि तीही दोन्ही टोकांची. थंडीत सकाळी नदीकाठच्या उसाच्या पट्ट्यात धुकं बसतं. ते नऊपर्यंत उठेल या हिशेबाने साडेसातचं उड्डाण ठेवूच नका.

हवामानामुळे विमान रद्द झालं तर पैशाचं काय, हे करारात वेगळं लिहून घ्या. विमान कोल्हापूरला येऊन अडकलं, किंवा उतरता न आल्याने बेळगावला गेलं, तर तो खर्च कुणाचा? बहुतेक करारांत तो तुमचाच निघतो. निदान आधी माहीत असू दे. पावसाळ्यात मी एक इनोव्हा दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवतोच.

९. पैसे

उधारी नाही. उड्डाणाआधी सगळे पैसे जमा झाले पाहिजेत, आणि शनिवारी-रविवारी बँकेच्या मर्यादेत अडकू नका. पैसे ऑपरेटरच्या किंवा एजंटच्या कंपनीच्या खात्यावरच, कुणाच्या वैयक्तिक नंबरवर नाही. रद्द केल्यास किती कापणार याचे टप्पे असतात. जितक्या उशिरा रद्द, तितकी कात्री मोठी.

१०. त्या दिवशी सकाळी

मार्च २०२४ मध्ये नव्या टर्मिनलचं उद्घाटन झालं. तेव्हापासून येणाऱ्या पाहुण्यांना बसायला चांगली जागा आहे. १९३९ साली राजाराम महाराजांनी सुरू केलेला हा विमानतळ, बाहेरच्या पाहुण्यांना हे सांगितलं की त्यांचा वेळ बरा जातो. पण तुमचं विमान कुठे उभं राहणार, आत कुठल्या दाराने जायचं, हे ऑपरेटरच्या हँडलिंगवाल्याकडून आदल्या दिवशीच विचारून घ्या आणि त्याचा नंबर ठेवा. पार्किंगच्या जागा मोजक्या असतात, आणि नेहमीच्या फ्लाइटच्या वेळेला तुमच्या विमानाला थांबावं लागू शकतं.

शहरातून येणाऱ्यांना कावळा नाक्यावरून हायवेने पाऊण तास आधी निघायला सांगा. अंतर नऊ-दहा किलोमीटरच आहे, पण एमआयडीसीची शिफ्ट सुटायची आणि तुमची वेळ एक आली की झालं. गाडी थेट विमानापाशी जाईल अशी अपेक्षा ठेवू नका, सिनेमातलं ते सिनेमात. रुग्ण किंवा चालता न येणारी व्यक्ती असेल तर व्हीलचेअर किंवा रुग्णवाहिकेची परवानगी आधी मागावी लागते. आजारी माणसाला न्यायचं असेल तर डॉक्टरांचं "प्रवासास योग्य" असं पत्र लागतं. घरचा ऑक्सिजन सिलिंडर आत नेऊ देत नाहीत. स्ट्रेचरची गरज असेल तर साधं चार्टर नव्हे, एअर अ‍ॅम्ब्युलन्सच मागा, तिची मांडणी आणि माणसं वेगळी असतात.

चढल्यावर कॅप्टन कुणाला पुढे, कुणाला मागे बसवतो. त्यात मानपान नाही, तोल आहे. साहेबांना मागची सीट मिळाली तर तुम्ही मध्ये पडू नका.

चाकं हलली की घड्याळ बघा आणि वेळ लिहून ठेवा. उतरून थांबलं की पुन्हा. चारही टप्प्यांच्या वेळा कॅप्टनकडून संध्याकाळीच विचारून घ्या. रिकाम्या फेऱ्यांच्या वेळा तर तुम्हाला दुसरीकडून कळणारच नाहीत. एकदा अंतिम बिलात वीस मिनिटं जास्त लागली होती. मी माझ्या वेळा पाठवल्या, त्यांनी लॉग (उड्डाणाच्या वेळांची नोंद) तपासला आणि दुसऱ्या दिवशी दुरुस्त बिल आलं. वीस मिनिटं म्हणजे वर केलेल्या हिशेबाने ४० हजार, जीएसटी वेगळा.